मुलुंड, ठाणे की डोंबिवली?

*तीन शेजारी, एकच रेल्वेलाइन आणि तीन वेगवेगळी आयुष्यं! पहिलं घर घेताय किंवा भाड्याने शोधताय? मग नुसता स्क्वेअर फुटाचा भाव विचारू नका. तुमचे तास, पाणी, कागदपत्रं आणि संध्याकाळचा मूड, सगळ्याचाच हिशेब मांडायला हवा.*

नोकरी कन्फर्म झालीय. लग्नाची तारीख निघालीय किंवा निघायच्या बेतात आहे. होम लोनवाले दिवसातून तीनदा फोन करतायत आणि घरात आई-बाबांचं ‘आता स्वतःचं काहीतरी बघा’ हे पालुपद सुरू झालंय. दादर, पार्ल्याचे भाव ऐकून झालेत. ऐकून हसूनही झालंय. मग गाडी येऊन थांबते ती सेंट्रल लाइनवरच्या सनातन प्रश्नावर. मुलुंड, ठाणे की डोंबिवली?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. मुलुंडकराला ठाणे ‘लांब’ वाटतं. ठाणेकराला डोंबिवली म्हणजे गावाला गेल्यासारखं वाटतं. आणि डोंबिवलीकराला हे दोघंही उगाच भाव खातात असं वाटतं! लग्न जमवतानासुद्धा ‘ठाण्याच्या पुढचं नको’ अशी अट घालणारी मंडळी अजून भेटतात. गंमत बाजूला ठेवा. या एका निर्णयावर पुढची दहा-वीस वर्षं तुम्ही किती वाजता घरी पोचणार, हे ठरणार आहे. तेव्हा जरा शांत डोक्याने एकेक मुद्दा घेऊ या.

शेजारी खरे, पण घर वेगळं

१६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच. म्हणजे ‘ठाण्याहून मुंबईला’ हा प्रवास देशात सगळ्यात जुना. सीएसएमटीपासून मुलुंड साधारण ३१ किलोमीटर, ठाणे ३४ आणि डोंबिवली ४८. मुलुंड आणि ठाणे तर एकमेकांना खेटून आहेत. ठाणे आणि डोंबिवलीच्या मध्ये मात्र कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर अशी चार स्टेशनं आणि एक खाडी आहे.

पण किलोमीटरपेक्षा मोठा फरक आहे तो महापालिकेचा. मुलुंड म्हणजे मुंबई महापालिका, टी वॉर्ड. चेकनाका ओलांडला की ठाणे महापालिका, जी १९८२ मध्ये झाली. डोंबिवलीत १९८३ पासून कल्याण-डोंबिवली महापालिका. महापालिका बदलली की पाणी बदलतं, बस बदलते, रस्ता बदलतो आणि टॅक्सही बदलतो.

दोन उदाहरणं घ्या. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला. मुलुंडचा वन बीएचके त्यात बसू शकतो. दुसरं, स्टॅम्प ड्युटी. मुंबईत मेट्रोचा उपकर धरून ती ६ टक्के पडते, ठाणे-डोंबिवलीच्या बाजूला ७ टक्के. ७० लाखांच्या घरावर हा फरक सरळ ७० हजारांचा! (टिप : घर फक्त बायकोच्या नावावर घेतलंत तर महिलांसाठी असलेली १ टक्क्याची सवलत मिळते. दोघांच्या नावावर घेतलंत तर नाही. आता नाव कोणाचं लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा!)

एक टेन्शन मात्र कमी झालंय. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही टोलनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. ठाण्यात राहून रोज गाडीने मुंबईत येणाऱ्यांचा तेवढा खर्च वाचला. ट्रॅफिक मात्र माफ झालेलं नाही. आणि वीज? तिथे तिघंही बऱ्यापैकी समान. मुलुंड मुंबईत असलं तरी तिथेही महावितरणचंच बिल येतं.

किलोमीटर नाही, मिनिटं मोजा

आता खरा फंडा. मुलुंड सगळ्यात जवळ म्हणून प्रवासही सगळ्यात कमी, असं गणित मनात धरलं असेल तर थांबा. गर्दीच्या वेळच्या बऱ्याच फास्ट लोकल मुलुंडला न थांबता धडधडत निघून जातात. म्हणजे मुलुंडकराच्या वाट्याला बहुतेक वेळा स्लो लोकल येते. स्लो लोकल सीएसएमटीला पोचायला तास घेते. ठाण्याला आणि डोंबिवलीला फास्ट थांबतात. त्यामुळे ठाणेकर तुमच्यानंतर तीन किलोमीटरवरून निघून तुमच्या आधी ऑफिसात पोचलेला असतो!

ठाण्याची आणखी एक मजा म्हणजे तिथून सुटणाऱ्या लोकल. जरा लवकर गेलात तर बसायला जागा मिळते आणि सकाळी बसून जाणं ही काय चीज आहे, हे रोज लोंबकळणाऱ्यालाच विचारा. त्यात ट्रान्स-हार्बर लाइन. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी... आयटी पार्क आणि बॅक ऑफिसांची ही सगळी माळ ठाण्याहून एका गाडीत. नवी मुंबईत नोकरी असेल तर ठाण्याला तोड नाही.

डोंबिवलीत फास्ट थांबते, डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत. पण गर्दी? ती शब्दांत सांगता येत नाही. कल्याण, अंबरनाथ, बदलापूरहून भरून आलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळवणं हे रोजचं युद्ध. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ मध्ये आला, तेव्हा तो सिनेमा लोकांना आपला वाटला तो उगाच नाही.

आणि हे फक्त घामाचं आणि चुरगळलेल्या शर्टाचं प्रकरण नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. काही जण परत घरी आले नाहीत. त्यानंतर रेल्वेने आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या साध्या लोकलची घोषणा केली. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, ठाण्याचा पाच नंबरचा प्लॅटफॉर्म २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेऊन रुंद केला गेला. सुधारणा होतायत. पण घर बघायला रविवारी दुपारी जाऊन ‘किती मोकळं आहे ना’ म्हणणाऱ्यांनी एकदा सोमवारी सकाळी सव्वाआठला त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघावं. घरातल्या सगळ्यांनी! मग टोकन द्यावं.

तुमच्या एका तासाचा भाव काय?

चला, जरा गणित करू. समजा ऑफिस दादरला आहे आणि तुमचं ठाणे की डोंबिवली असं चाललंय. दोन्ही घरं स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. फास्ट लोकलने ठाणे ते डोंबिवली साधारण २० मिनिटं जास्त. त्यात चढताच न आल्याने सोडून दिलेल्या गाडीची १० मिनिटं धरा. एका बाजूला अर्धा तास, जाऊन-येऊन एक तास. महिन्याला २४ दिवस ऑफिस म्हणजे २४ तास.

म्हणजे महिन्याला अख्खा एक दिवस आणि एक रात्र!

आता समजा त्याच आकाराच्या घराच्या भाड्यात महिन्याला १२ हजारांचा फरक आहे. १२ हजार भागिले २४. म्हणजे डोंबिवली तुम्हाला दर जादा तासाचे ५०० रुपये देतेय. तुमचा तास त्यापेक्षा महाग असेल, त्या तासात तुम्ही क्लास करता, जिमला जाता, फ्रीलान्स काम घेता किंवा नुसते बाळाशी खेळता आणि ते तुम्हाला मोलाचं वाटतं, तर ठाणे. नाही तर डोंबिवली.

पण ऑफिस हायब्रिड असेल आणि महिन्यातून बाराच दिवस जावं लागत असेल तर? जाणारे तास १२ होतात, वाचणारे पैसे तेवढेच राहतात. आता प्रत्येक तासाचे १००० रुपये मिळाले. डोंबिवलीचं पारडं एकदम जड! उलट रोज नाइट शिफ्ट, रोज ऑफिस आणि शेवटच्या लोकलची धावपळ असेल तर पारडं दुसरीकडे झुकेल. आकडे तुमचे घाला, पण गणित हेच करा.

दोघंही नोकरी करत असाल तर गणित दोनदा करा, एकदा त्याचं आणि एकदा तिचं. ती अंधेरीत आणि तो ऐरोलीत असेल तर ठाणे उत्तम. तो ट्रान्स-हार्बरने जाईल, ती फास्टने घाटकोपरला उतरून २०१४ पासून धावणारी वर्सोवा मेट्रो पकडेल. दोघंही पवई-भांडुपच्या पट्ट्यात? मुलुंडला राहा, रिक्षानेही पोचाल. एक अंबरनाथच्या एमआयडीसीत आणि दुसरी दादरला? डोंबिवली मध्यावर आहे आणि त्यातल्या एकाला तरी गर्दीच्या उलट दिशेने रिकाम्या गाडीत जाण्याचं सुख मिळेल. मात्र ‘त्याला सोयीचं ते घर’ असा निर्णय होऊन तिचे रोजचे तीन तास गाडीत जात असतील, तर ते भांडण आज ना उद्या घरात येणारच. आत्ताच मांडा.

मुलुंड : मुंबईचा पत्ता, मुंबईचा भाव

मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्यावरून फिरलात तर लक्षात येतं की हे आखून वसवलेलं उपनगर आहे. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. कालिदास नाट्यमंदिर, शेजारचं क्रीडा संकुल, महाराष्ट्र सेवा संघ. म्हणजे नाटक, पोहणं आणि वाचन, सगळं रिक्षाच्या मिनिमम भाड्यात! पूर्वेला जरा शांत, मध्यमवर्गीय वातावरण. हायवेला लागून असल्याने गाडीवाल्यांची सोय. ऐरोली पुलावरून नवी मुंबईही हाकेच्या अंतरावर. पूर्वेच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा टाकणं २०१८ मध्ये बंद झालं, तोही एक दिलासा.

मुख्य फायदा म्हणजे मुंबई महापालिका. पाणी, रस्ते, हॉस्पिटलं याबाबतीत मुंबईकरांच्या कितीही तक्रारी असल्या तरी शेजाऱ्यांशी तुलना केली की मुलुंडकर गप्प बसतो.

तोटा? बजेट! तेवढ्याच पैशांत ठाण्यात एक खोली जास्त येते, डोंबिवलीत कदाचित दोन. शिवाय भाड्याने घर बघताना काही सोसायट्यांमध्ये ‘बॅचलर चालणार नाही’, ‘नॉनव्हेज चालणार नाही’ हे ऐकायची तयारी ठेवा. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ राज्यभर गाजला होता. ब्रोकरला दलालीचं विचारण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या. डिपॉझिट दिल्यावर मासे तळण्यावरून वाद नको.

ठाणे : एक नाही, दोन शहरं

‘मी ठाण्यात राहतो’ असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न विचारायचाच : कुठलं ठाणं?

एक जुनं ठाणं. नौपाडा, राम मारुती रोड, गोखले रोड, तलावपाळी. स्टेशनला चालत जायचं, येताना भाजी घ्यायची. गडकरी रंगायतनचं नाटक, मामलेदारची झणझणीत मिसळ, १८९३ पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय. उपवनला सकाळी फिरायला जा, पावसाळ्यात येऊरच्या डोंगराकडे बघत चहा प्या. फुल्टू लाइफ! पण इथे इमारती जुन्या, पार्किंगची बोंब आणि रिडेव्हलपमेंटचे भाव मुलुंडशी स्पर्धा करणारे.

दुसरं घोडबंदर रोडचं ठाणं. टॉवर, क्लब हाऊस, स्विमिंग पूल, बाल्कनीतून जंगल किंवा खाडी. ब्रोशर बघूनच माणूस प्रेमात पडतो. पण कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायला ट्रॅफिकच्या वेळी किती वेळ लागतो, ते तिथल्या कुणालाही विचारा. पाऊण तास सहज जातो. म्हणजे स्टेशनजवळ राहणारा डोंबिवलीकर दादरला उतरून मोकळा झालेला असताना घोडबंदरचा ठाणेकर स्टेशनच्या जिन्यावर असू शकतो! पत्त्यावर ‘ठाणे’ लिहिलंय म्हणून वेळ वाचला असं समजू नका.

दुसरा मुद्दा पाण्याचा. घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक गृहसंकुलांना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो. विसाव्या मजल्यावरचा स्विमिंग पूल निळाशार आणि बाथरूमच्या नळाला पाणी नाही, हा विनोद तिथे कुणी हसून ऐकत नाही.

डोंबिवली : गर्दीत सापडणारा निवांतपणा

डोंबिवलीवर विनोद करणं सोपं आहे. पण दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडला गेलाय कधी? नवे कपडे घातलेली, वर्षभर न भेटलेली अख्खी तरुणाई तिथे लोटते. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा आता गावोगाव निघते, तिची सुरुवात १९९९ मध्ये इथल्याच गणेश मंदिरापासून झाली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे ज्या गावात राहिले, त्या गावात २०१७ मध्ये मराठी साहित्य संमेलनही भरलं. इथे सुट्ट्या पोळ्या आणि भाजी देणारी पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, कारण रात्री आठला स्टेशनवर उतरलेल्या बायकांना घरी जाऊन कणीक मळायची नसते. नोकरदारांचं गाव म्हणजे काय, ते इथे कळतं.

त्याच बजेटमध्ये मोठं घर मिळतं, हा हुकमाचा एक्का. आई-बाबा सोबत राहणार असतील तर ती जादा खोली म्हणजे चैन नव्हे, गरज असते.

आता दुसरी बाजू. पूर्व-पश्चिम ये-जा मोजक्या पुलांवर अवलंबून. कोपर पूल धोकादायक म्हणून २०१९ मध्ये बंद झाला आणि नवा २०२१ मध्ये खुला झाला, तोवर गावाची जी दैना झाली ती लोक विसरलेले नाहीत. तेव्हा स्टेशनच्या कुठल्या बाजूला घर, हे महत्त्वाचं. एमआयडीसीच्या जवळ घर बघत असाल तर आणखी सावध. तिथल्या रासायनिक कारखान्यांत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये भीषण स्फोट झाले, माणसं गेली, लांबवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. घरापासून कारखाने किती लांब आहेत, ते प्रत्यक्ष चालत जाऊन बघा.

शीळ रोडच्या बाजूची भव्य टाऊनशिप बघताय? रस्ते मस्त, बागा मस्त. पण डोंबिवली स्टेशन तिथून लांब आहे आणि मधला रस्ता ट्रॅफिकचा. इथेही घोडबंदरचाच नियम लागू : स्टेशनपर्यंतची मिनिटं मोजा. शिवाय त्या बाजूची २७ गावं २००२ मध्ये महापालिकेबाहेर गेली आणि २०१५ मध्ये परत आत आली. कुठलं पाणी महापालिकेचं आणि कुठलं एमआयडीसीचं, हे घर घेण्याआधी विचारा.

स्वस्त घराची महागडी गोष्ट

या संपूर्ण लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडायचा आदेश मुंबई हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. का? तर बांधकामाच्या परवानग्या बनावट होत्या आणि त्याच बनावट कागदांच्या जोरावर महारेराची नोंदणीही मिळवलेली होती! घर घेणारे कुणी चोर-लुटारू नव्हते. तुमच्या-आमच्यासारखे हप्ते भरणारे लोक होते. रेरा नंबर बघून, रजिस्ट्रेशन करून, स्टॅम्प ड्युटी भरून त्यांनी घरं घेतली. आणि एक दिवस नोटीस आली. घर बेकायदा ठरलं तरी घेतलेलं कर्ज काही बेकायदा ठरत नाही, ते फेडावंच लागतं.

त्याआधी, ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ अर्धवट बांधलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला होता. ठाणे आणि डोंबिवलीच्या मधल्या पट्ट्यात ‘अर्ध्या किमतीत घर’ अशी जाहिरात दिसली, तर हे दोन प्रसंग आठवा. भाव इतका कमी का, या प्रश्नाला उत्तर असतंच. ते तुम्ही आधी शोधायचं की नंतर, एवढंच तुमच्या हातात असतं.

मग करायचं काय? महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट बघणं ही पहिली पायरी, शेवटची नाही. तिथे अपलोड केलेलं बांधकाम परवानगीचं पत्र डाऊनलोड करा, त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन थेट महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि हे पत्र खरंच तुमच्याकडून गेलंय का, ते विचारा. उत्तर टाळलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या. बिल्डरने सुचवलेला वकील नको! तयार इमारत असेल तर ऑक्युपेशन सर्टिफिकेट, म्हणजेच ओसी, बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. ओसी मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही, हा बोनस. बांधकाम सुरू असलेल्या घरावर तो साधारण ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का.

‘बँकेने लोन पास केलं म्हणजे सगळं ओके’ हा गैरसमज तर आधी डोक्यातून काढा. बँक स्वतःची जोखीम बघते. तुमची जोखीम तुम्हीच बघायची असते.

मेट्रो येणार, येणार...

प्रत्येक ब्रोकरच्या तोंडी एक वाक्य असतंच : ‘सर, मेट्रो आली की भाव डबल!’ येईल हो मेट्रो. वडाळा-घाटकोपर-मुलुंड-ठाणे-कासारवडवली या मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि घोडबंदरच्या टप्प्यात गाडीची चाचणी झाली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. मधली जवळपास नऊ वर्षं घोडबंदरकरांनी बॅरिकेड्स बघत काढली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणारा ठाणे-बोरिवली जुळा बोगदा आणि मुलुंडला गोरेगावशी जोडणारा रस्ता, ही कामं पूर्ण झाली की पश्चिम उपनगरांत नोकरी करणाऱ्यांचं आयुष्य खरंच बदलेल.

पण नियम साधा ठेवा. आज जे चालू आहे, त्यावर घर घ्या. उद्या जे येईल, तो बोनस. मेट्रो आल्यावरचा प्रवास डोक्यात धरून आजचा हप्ता ठरवलात, तर हप्ता वेळेवर येईल आणि मेट्रो तिच्या वेळेवर.

फायनल करण्याआधी एवढं कराच!

• सोमवारी सकाळी ट्रायल घ्या. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत, घड्याळ लावून. परतीचाही. जमलं तर भर पावसात एकदा.

• वॉचमनशी गप्पा मारा. पाणी किती वाजता येतं, एप्रिल-मे महिन्यात टँकर येतात का, पावसाळ्यात गेटसमोर पाणी तुंबतं का. जे बिल्डर सांगत नाही ते वॉचमन सांगतो.

• मेंटेनन्सचं बिल मागा. मागच्या वर्षभराची. टँकर, लिफ्ट, क्लब हाऊस... सगळं त्यात दिसतं.

• कार्पेट एरियाच विचारा. ‘सुपर बिल्टअप’ हा शब्द आला की विषय बदला. रेरात हिशेब कार्पेटचाच.

• आधी भाड्याने राहून बघा. ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करा, रजिस्टर करा. आवडलं तर घ्या, नाही आवडलं तर डिपॉझिट घेऊन पुढे. पन्नास लाखांची चूक करण्यापेक्षा हे स्वस्त.

• आजी-आजोबा कुठे आहेत ते बघा. आज हसाल, पण मूल झालं की पाळणाघर सातला बंद होतं आणि लोकल कळव्याला सिग्नलला उभी असते, तेव्हा दहा मिनिटांवर आईचं घर असणं म्हणजे काय, ते कळतं.

मग काय ठरलं?

पैसे हाताशी आहेत, जागा कमी चालेल आणि मुंबईची महापालिका हवी असेल तर मुलुंड. नवी मुंबईत किंवा दोन दिशांना नोकऱ्या असतील तर ठाणे, पण स्टेशनपर्यंतची मिनिटं मोजून. मोठं घर हवंय, घरात माणसं जास्त आहेत, ऑफिस रोजचं नाही आणि कागद चोख तपासायची तयारी आहे, तर डोंबिवली. बिनधास्त!

आणि ‘ठाण्याच्या पुढे नको’ म्हणणाऱ्या काका-काकूंचं फार मनावर घेऊ नका. हप्ता ते भरणार नाहीत आणि सव्वाआठच्या गाडीत ते चढणारही नाहीत. ज्याला रोज चढायचंय, त्यानेच स्टेशन निवडावं.